दलदलीतलं बिनतक्रार घर

त्या मुलखात जमीन तीन तऱ्हेची होती आणि घराचा आराखडा एकच. कातळ असो, वाळू असो की दलदल, पूर्वजांनी आखून दिलेल्या त्या रेघांना कोणी हात लावत नसे. फरक पडे तो कानमंत्रांनी. बांधकाम वाळवी करी. काम सुरू होण्याआधी ठेकेदार तिच्या मुकादमणीच्या कानात त्या जमिनीपुरत्या दोन-चार सूचना सांगे, आणि वाळवी त्या अक्षरशः पाळी.

साळोजी नावाचं साळिंदर या धंद्यात मुरलेलं होतं. कुणाकडे शिकायला गेलं नव्हतं, पण जमीन नुसती हुंगून पाया किती हवा ते सांगे. कातळावर साळोजीने पाया उथळ घ्यायला सांगितला, वाळूवर माती दुप्पट भिजवायला. अडचण एकच होती. शंका आली की वाळवी काम न थांबवता जमिनीवर डोकं आपटते, टक टक. कातळावर तर साधा खडा लागला तरी टकटक. गिऱ्हाईक धास्तावून जाई. म्हणून साळोजीने आणखी एक कानमंत्र जोडला : शंका मनात ठेवा. घरं उत्तम उभी राहिली. गिऱ्हाइकं म्हणू लागली, काम असावं तर असं, आवाजसुद्धा नाही.

मग दलदलीतली पाणकोंबडी आली. तिच्या लव्हाळ्यात तळ्याचं पाणी चढत होतं आणि घरट्यात पाच अंडी होती.

"नऊ दिवसांत घर देतो, ताई," साळोजी म्हणाला.

"घाई मला आहे. भिंतींना नको हं."

"अहो, कातळावर, वाळूवर घरं आहेत माझी. एक कललेली दाखवा."

मुकादमीण कान पुढे करून म्हणाली, "साळोजी, सगळे मंत्र नव्याने द्या. ही माती निराळी आहे."

"पाया खोल घे, एवढंच नवं. बाकी सगळं वाळूवरचं. चालतंय ते कशाला उकरायचं?"

नऊ दिवस जराही आवाज झाला नाही. पाणकोंबडी अंडी घेऊन आत राहायला आली.

दहाव्या दिवशी साळोजी विचारपूस करायला गेला, गप्पा मारत भिंतीला टेकला आणि त्याचे काटे आत रुतले. मुळात चिकट चिखल, तोही दुप्पट भिजवलेला. तो सुटायला पुढे सरकला, तशी भिंतही त्याच्याबरोबर निघाली. त्याने पाठ मागे रेटली.

"ताई, अंडी बाहेर काढा. एकेक. मी धरलंय."

मग तो अजून पायाशीच असलेल्या मुकादमणीला म्हणाला, "बोल आता, मोकळीक दिली. आधी कुठला कोपरा जाईल?"

"सांगते की. पण आमच्यात शंका क्रमानेच सांगतात. पहिल्या दिवसापासून."

हजारो डोकी जमिनीवर आपटू लागली. एक खडा. एक मूळ. पुन्हा एक खडा. पाणकोंबडी चोचीने अंडं ढकलत बाहेर नेई आणि धावत परत येई. साळोजी पाठ रेटून प्रत्येक टक ऐकत उभा होता. तीन अंडी बाहेर पोचली, तेव्हा टकटक दुसऱ्या दिवसावर आली होती.