टेकला हाक आली

शब्द आपापल्या पायांनी गावोगाव हिंडत, त्या काळची गोष्ट. टेक नावाचा एक इंग्रजी शब्द होता. ‘घेणे’ हे त्याचं काम. तेवढंच असतं तर बरं होतं. पण कुणाला औषध घ्यायचं असो, फोटो काढायचा असो, बस पकडायची असो की परीक्षेला बसायचं असो, हाक टेकलाच. विमानसुद्धा त्याच्याशिवाय जमीन सोडत नसे. वैताग म्हणजे, कुणाला विश्रांती घ्यायची असली तरी ती घेऊन द्यायला टेकनंच धावायचं.

असाच राबत राबत तो एका मराठी गावात पोचला. पायांचे तुकडे पडले होते. ओट्यावर शेंगा सोलत बसलेल्या यमुनाक्का त्याच्याकडे पाहून म्हणाल्या, “टेक रे बाबा.”

टेकनं सवयीनं दोन्ही हात पुढे केले. “बोला आजी, काय घेऊ? आणि माझं नाव कसं कळलं तुम्हाला?”

“नाव कुठलं? दमलेल्या माणसाला आम्ही असंच म्हणतो. टेक म्हणजे बस जरा. घ्यायचं काही नाही. भिंतीला पाठ लाव.”

टेक बराच वेळ उभाच राहिला. आपल्या नावाचा हा अर्थ त्याला कुणी सांगितलाच नव्हता. मग तो हळूच बसला.

तेवढ्यात रस्त्यावरून कुणीतरी इंग्रजीत ओरडलं, “टेक!”

तो दचकून उठू लागला.

शेंगांवरची नजर न काढता यमुनाक्का म्हणाल्या, “बसून राहा. या ओट्यावर ती हाक मराठीतच ऐकायची.”