परातीतली पोर

जिथं अजून पितळेच्याच भांड्यात आमटी शिजायची, अशा एका गावात एक कल्हईवाला राहायचा. भाता तो ओढायचा आणि चिंच-राख लावून भांडी घासायची त्याची लेक. लेकीचे दात शुभ्र, आणि तिला त्यांचा भारी तोरा. पितळ उजळतं तर दात का नाही, म्हणून उरलेली चिंच-राख ती रोज दातांवर खसाखसा फिरवायची.

एका भर दुपारी तिनं घरच्याच, ताज्या कल्हईच्या परातीत हसून पाहिलं. परातीतली पोरही हसली, पण जराशा उशिरानं. लेकीला वाटलं, आपल्याला ऊन लागलं असेल.

थोड्याच दिवसांत माठातलं पाणी प्यायलं की तिच्या दातांतून डोक्यात कळ जायला लागली. दातांच्या कडा काचेसारख्या आरपार दिसू लागल्या, वर पिवळी झाक आली. परातीतल्या पोरीचे दात मात्र रोज पांढरे होत होते.

"पिवळे पडले गं," परातीतली हळूच म्हणाली. "अजून घास."

लेकीनं अजून घासले. तोऱ्यापुढं शहाणपण चालत नाही. मग गरम भातही झोंबायला लागला.

"तू एवढी पांढरी कशी?" तिनं विचारलं.

"तू घासून काढतेस, ते मला मिळतं. थोडंच उरलंय. आणखी एकदा घास."

लेक घाबरली. तरी हातातला चिंचेचा गोळा सुटेना. एकदाच घासलं तर पुन्हा पांढरे होतील, असं मनात येतच होतं. शेवटी तो फेकून ती बापाकडे धावली.

"आबा, माझ्या दातांना कल्हई लावा!"

दात बघून बापाचं तोंड उतरलं. "पोरी, भांड्याची कल्हई गेली तर मी परत लावीन. दाताचं कवच एकदाच मिळतं. गेलं ते गेलं, उरलंय ते सांभाळ."

त्या दिवसापासून तिनं दातांना चिंच-राख लावली नाही. आंबट खाल्लं की ती नुसत्या पाण्यानं चूळ भरी, बराच वेळ थांबे आणि मगच बोटानं हलके दात घाशी. परातीतली आठ दिवस विचारत राहिली, "आज नाही घासलेस?" मग गप्प झाली. लेकीचे दात म्हातारपणापर्यंत टिकले, पण पुन्हा पांढरे झाले नाहीत.

गावची सगळी भांडी वर्षा-दोन वर्षांनी कल्हईला येत. त्या घरच्या परातीला मात्र पुन्हा कधीच कल्हई लावावी लागली नाही. ती अजून लखलखते, आणि तिच्यात बघून कुणी हसत नाही.

तात्पर्य: गार पाण्याची कळ आणि काचेसारखी कड ही दातांची हाक असते, ती वेळीच ऐकावी, कारण दातांना दुसरी कल्हई नाही.