तांबडीचं माहेर

“दिसायला देखणी आहे गं, पण महिन्यातून दोनदा माहेरी जाते. असली सून काय कामाची?”

गाड्यांना अजून वाचा होती त्या काळी, मगदुमांच्या शेडमधली म्हातारी स्कूटर मोपेडला हे हळूच म्हणाली. कव्हराखालच्या तांबड्या इटालियन मोटरसायकलने सगळं ऐकलं. माहेर म्हणजे पुण्याचं वर्कशॉप. ती बंद पडली की तिला टेम्पोतून तिथे न्यायचे आणि नवी बॅटरी बसवून आणायचे.

अजितराव मगदुमांचा तिच्यावर फार जीव. रोज सकाळी ते तिला पुसून दारात आणत, दोन मिनिटं सुरू करत आणि शेजाऱ्यांनी कौतुक केलं की बंद करत. मग स्कूटरला किक मारून कामावर जात.

या खेपेला तिला माहेराहून आणल्यावर ते वैतागून म्हणाले, “आता पुन्हा बंद पडली तर विकूनच टाकतो.”

स्कूटरला कसंसंच झालं. जाण्याआधी पोरीची रस्त्यावर धावायची हौस तरी फिटू दे, असं म्हणून ती दुसऱ्या दिवशी हटून बसली. वीस किका मारल्या तरी ढिम्म. अजितराव नाइलाजाने तांबडीवरून निपाणीला कामावर गेले, आणि मग रोजच जाऊ लागले.

महिना उलटला. स्कूटरने विचारलं, “काय गं, माहेरची आठवण येत नाही वाटतं?”

चिखलाने माखलेली तांबडी पहिल्यांदाच मोठ्याने बोलली, “आत्याबाई, बॅटरी धावताना भरते. मला रोज नुसतं उठवून दारात उभं करायचे, कुठे न्यायचेच नाहीत.”