दाबके सरांचं नाट्यगीत

मॅनेजमेंट कॉलेजातलं वातावरण किती मोकळं आहे, हे विद्यार्थ्यांना बिननावाच्या चिठ्ठ्यांवर विचारा, म्हणून विद्यार्थी प्रतिनिधी शाल्मली संचालक दाबके सरांच्या मागे हात धुऊन लागली होती. सरांनी चिठ्ठ्यांना फाटा दिला आणि भर सभागृहातच विचारलं, "इथे खरं बोलायला कोणाला भीती वाटते? हात वर करा."

एकही हात हलला नाही.

"झालं समाधान?" सर मिशीतल्या मिशीत हसले.

"एकच प्रश्न मीही विचारते, सर," म्हणत शाल्मली सगळ्यांकडे वळली. "काल गॅदरिंगमध्ये सरांनी गायलेलं नाट्यगीत कोणाकोणाला आवडलं?"

सरांची नजर फिरली तसे सगळे हात वर गेले, पुढच्या रांगेतल्या प्राध्यापकांचेसुद्धा.

सर गोंधळले. "अहो, काल माझा घसा बसला होता. मी गायलोच कुठे?"

"मग सर," शाल्मलीने विचारलं, "चिठ्ठ्या वाटू का?"