टिटवी आणि मोहाचा द्रोण

मुलांनो, डोंगरापलीकडच्या एका रानात, पाणवठ्याच्या वाटेवर एक टिटवी राहत असे. टिटवी झाडावर घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर चार खडे मांडते आणि त्यांतच अंडी घालते. तिचा सगळा भरवसा आपल्या ओरडण्यावर. ती ओरडली की येणारा-जाणारा वाट वाकडी करून जाई. अस्वल तर दोन पावले मागे सरून "चुकलो हं, ताई," म्हणे.

त्या रानात एक जुना नियम होता. मोहाच्या फुलांचा आंबलेला रस ज्याला प्यायचा त्याने झाडाखाली बसून प्यावा आणि झिंग उतरल्यावरच वाटेला लागावे. एका उन्हाळ्यात कोल्ह्याने सभा भरवली. पलीकडच्या रानात रोज जत्रा असते आणि आपल्याकडे बघावे तेव्हा स्मशानकळा, असे त्याचे म्हणणे. पळसाच्या द्रोणात रस घेऊन हिंडू दिले तर काय बिघडते, असे त्याने विचारले. टिटवीच्या मनात पाल चुकचुकली.

"द्रोण कुठवर न्यायचा?" ती म्हणाली.

"फक्त पाणवठ्यापर्यंत," कोल्हा म्हणाला.

'फक्त' ऐकून तिचा जीव भांड्यात पडला. शिवाय एकटीनेच वाईटपणा कशाला घ्यावा? तिनेही होकाराचा पंख वर केला. पाणवठ्यापर्यंतची वाट आपल्याच अंड्यांजवळून जाते, हे त्या वेडीच्या ध्यानातच आले नाही.

आठ दिवस रान खरोखरच गजबजले. नवव्या दिवशी भर दुपारी अस्वल द्रोण सावरत, झोकांड्या खात आले. टिटवी जीव तोडून ओरडली, त्याच्या नाकावर झेपावली. त्याला वाटले, आज ताई गाते आहे. ते ताल धरून पुढे आले, आणि तिच्या चार अंड्यांतले एकही उरले नाही.

शुद्धीवर आल्यावर त्याला काही आठवेना. पायाला चिकटलेली टरफले पाहून ते रडले, अगदी मनापासून रडले. "ताई, तू ओरडायचे होतेस," ते म्हणाले.

कोल्ह्याने सभेत हळहळ व्यक्त केली आणि त्याच बैठकीत नवा नियम केला : यापुढे वाटेवर कोणी अंडी घालू नयेत.

तात्पर्य : समोरचा शुद्धीवर असेल तरच आपल्या हाकेला अर्थ असतो, म्हणून नियम सैल करायला होकार देण्याआधी त्या वाटेवर आपले कोण आहे, ते पाहून यावे.