दोन पायऱ्या खाली

एका गावात एक टेकडी होती, आणि त्या टेकडीला बरोबर छत्तीस पायऱ्या होत्या. वर देवीचं देऊळ, देवळापुढे पितळेची मोठी घंटा. पायऱ्या काळ्या दगडाच्या. प्रत्येक पायरीवर एक अक्षर कोरलेलं होतं. सगळ्यांत खाली क, मग ख, मग ग, असं करत करत शेवटी वर ळ, क्ष आणि ज्ञ. त्या गावातली मुलं पाटीवर लिहायच्या आधी पायांनी अक्षरं शिकायची.

या पायऱ्यांमुळे गावाला एका खेळाचा नाद लागला होता. एखादा शब्द घ्यायचा आणि तो पायऱ्यांवर चालून बघायचा. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार सोडून द्यायचे, नुसती अक्षरं धरायची. प्रत्येक अक्षराला पाय वरच्या पायरीवर पडला, तर तो 'चढता' शब्द. मध्येच खाली यावं लागलं, तर तो 'उतरला'. कमळ चढतं. दिवस चढतो. पावसाळा तर एकदाही मागे न वळता ळ पर्यंत जातो. पण नदी दुसऱ्याच अक्षराला उतरते, आणि भाकरी भ वरून जी घसरते ती थेट पहिल्या पायरीवर.

"म्हणून तर भाकरी पोटात जाते," असं म्हातारी माणसं म्हणायची, आणि मुलं दरवर्षी त्याच विनोदाला हसायची.

दसऱ्याला पाटीपूजा झाली की सगळं गाव टेकडीच्या पायथ्याशी जमे. ज्याला नवा चढता शब्द सुचला असेल त्याने तो पंचांपुढे सांगायचा. गावाला जो सगळ्यांत जास्त आवडेल, त्या शब्दाचा धनी पायऱ्या चढून जाई. आपल्या शब्दातलं अक्षर आलं की तिथे थांबून ते मोठ्यानं म्हणे, खालून गाव त्याच्यामागून म्हणे. वर पोचल्यावर तो घंटा वाजवी. ती घंटा वर्षातून तेवढी एकदाच वाजायची. पुढे वर्षभर त्याचा शब्द घरोघरी उंबऱ्यापुढच्या रांगोळीत लिहिला जाई.

पूर्वी शब्द आधी चढून दाखवावा लागे आणि मगच पंच मान डोलावत. पण पंच म्हातारे झाले, त्यांचे गुडघे कुरकुरू लागले. मग ते खाली चिंचेच्या सावलीत बसूनच, बोटांवर मोजून निकाल देऊ लागले. कोणी काही म्हटलं नाही. सगळ्यांनाच ऊन लागत होतं.

त्या गावात एक पाथरवट राहायचा. या पायऱ्या त्याच्या पणजोबांनी घडवल्या होत्या. दरवर्षी दसऱ्याआधी टाकी-हातोडा घेऊन पाथरवट पायऱ्यांवर बसे आणि झिजलेली अक्षरं पुन्हा उठवी. एरवी तो लोकांचे पाटे-वरवंटे घडवायचा. त्याच्या घराण्याने छत्तीस अक्षरं कोरली, पण त्या घरातल्या कोणी घंटा कधी वाजवली नव्हती. त्याच्या बापाला मरेपर्यंत ती आस होती. आता ती पाथरवटाला होती. तो बोलून दाखवायचा नाही, पण दसऱ्याच्या दिवशी घंटा वाजली की त्याचा हात आपोआप दोर ओढल्यासारखा खाली यायचा.

त्याला एक मुलगी होती. ती फार कमी बोलायची आणि फार बारीक बघायची. चार माणसं जमली की तिचा आवाज घशातच बसायचा. पण शब्द मात्र ती वर्षभर गोळा करायची, तपासायची आणि मनात जपून ठेवायची. या वर्षी तिने एक शब्द निवडला होता, कनवाळू. क, न, व, ळ. चारही अक्षरं चढती, आणि अर्थही गोड. तो शब्द तिने कोणालाच सांगितला नव्हता, आईलासुद्धा नाही.

दसरा आला. आई देवीच्या ओटीचं ताट हातात धरून उभी होती. बा नवं पागोटं बांधून आला होता. मुलगी त्या दोघांच्या मध्ये उभी राहून मनातल्या मनात शब्द घोळवत होती.

पहिले उठले चिटणीसकाका. गावाचे कागद तेच लिहायचे आणि आतापर्यंत त्यांनी पाच वेळा घंटा वाजवली होती. त्यांनी उपरणं सावरलं आणि म्हणाले, "कनवाळू!"

मुलीने आईचा पदर घट्ट धरला.

"वा, वा!" लोक म्हणाले. पंचांनी बोटं मोजली. "चढला!"

मग हलवायाने एक शब्द सांगितला, तो उतरला. शिंपीणबाईंनी एक सांगितला, तो आधीच होऊन गेला होता. तेवढ्यात देवळाचे गुरवबाबा, जे पंचांमध्ये सगळ्यांत वडील होते, त्यांची नजर मुलीवर पडली.

"काय गं पोरी? केव्हापासून ओठ हलतायत तुझे. बोल की!"

सगळ्या माना वळल्या. मुलगी कावरीबावरी झाली. तिने कुठेतरी बघायचं म्हणून वर पाहिलं. उन्हात देवळाचं टोक झळकत होतं, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "कळस."

सगळ्यांच्या नजरा देवळाच्या टोकाकडे गेल्या. मग एकदम गलका उठला.

"अरे, कळस! इतकी वर्षं डोळ्यांसमोर होता, एकालाही सुचला नाही!"

"देवीच्या टेकडीला यापेक्षा चांगला शब्द कुठला?"

पंचांनी बोटं मोजली. क, ळ, स. कानाला ल आणि ळ शेजारीशेजारीच वाटतात. त्या गलक्यात त्यांनी ळ च्या जागी ल धरला, आणि ल नंतर स येतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. "चढला!" गुरवबाबा म्हणाले. "आणि नुसता चढला नाही, थेट शिखरावर बसला. यंदाची घंटा पाथरवटाच्या घराची!"

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. बायकांनी मुलीच्या कपाळाला हळदकुंकू लावलं. तिने बाकडे पाहिलं. तो आपल्या दोन्ही हातांकडे बघत उभा होता, एक शब्द बोलत नव्हता. तिला वाटलं, आनंदाने त्याची वाचा बसली असेल.

ती पहिल्या पायरीवर उभी राहिली आणि म्हणाली, "क!"

"क!" खालून दोनशे माणसं गर्जली.

तिच्या अंगावर शहारा आला. आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज एवढा मोठा झाला होता. ती चढू लागली. पाठ ताठ, मान वर. खालून शिंपीणबाई म्हणत होत्या, "बघा, चालते कशी! अगदी पालखीतून निघाल्यासारखी."

ती च वर्गातून गेली, ट वर्गातून गेली, त आणि प ओलांडले. य आला, र आला, ल आला. गावाच्या गजराच्या भरात तिलाही आता ळ येणार असंच वाटलं, आणि तिने पाय जपून टाकला. तळव्याखाली व होता.

ती थबकली. पुढच्या पायऱ्यांकडे तिने पाहिलं. श. ष. स. ह. आणि त्यानंतर, बाने परवाच टाकी लावलेला, स्वच्छ पांढरा ळ.

ळ वर होता. स त्याच्या दोन पायऱ्या खाली होता. कळस चढत नव्हता.

तिचे कान गरम झाले. तिने मागे वळून पाहिलं. इतक्या लांबून खालच्या लोकांना पायरीवरचं अक्षर दिसणं शक्यच नव्हतं. तिने इथेच व वर उभं राहून "ळ" म्हटलं असतं आणि तीन पायऱ्या चढून "स" म्हटलं असतं, तर गाव तिच्यामागून गर्जलं असतं. मग घंटा वाजली असती. घरोघरी तिचा शब्द उमटला असता. खाली नवं पागोटं घातलेला बा एवढुसा दिसत होता. त्याच्या बापाची आस, त्याची आस, सगळी या एका अक्षरापाशी येऊन थांबली होती.

"थांबलीस का गं?" खालून कोणीतरी ओरडलं. "दमलीस?"

तिच्या पायाखाली दगड गार होता. ही अक्षरं तिच्या पणजोबांच्या बापाने कोरली होती. एकही इकडचं तिकडे झालं नव्हतं.

ती पुढे निघाली. श ओलांडला, ष ओलांडला, स वर न थांबता पुढे गेली, ह मागे टाकला आणि ळ वर जाऊन उभी राहिली.

"ळ!" ती म्हणाली.

"ळ!" गाव गर्जलं.

मग ती वळली, आणि सगळ्या गावादेखत एक पायरी खाली उतरली. मग आणखी एक.

"अगं, तिकडं कुठं?" हलवाई ओरडला. "घंटा वर आहे, वर!"

लोक हसले. मुलगी हसली नाही. तिने श्वास भरून घेतला, आणि जो आवाज कधी घरात चुलीपर्यंत पोचायचा नाही, तो बत्तीस पायऱ्या उतरून खाली आला.

"स! माझा शब्द उतरतो! ळ वर आहे, स खाली आहे! मी चुकले!"

हसू विरलं. पंच पुन्हा बोटं मोजू लागले. य, र, ल, व, श, ष, स, ह… आणि गुरवबाबांनी कपाळावर हात मारला. "खरंच की! जन्म गेला या पायऱ्यांवर दिवे लावण्यात, आणि मला कळू नये!"

मुलगी खाली आली तेव्हा शिंपीणबाई हळहळल्या. "वेडी गं वेडी. गप्प बसली असतीस तर कोणाला कळलं असतं?"

"पायऱ्यांना कळलं असतं," मुलगी म्हणाली.

तेव्हा पाथरवट पुढे झाला. त्याने डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलं.

"गुरवबाबा, पोरीला वर गेल्यावर कळलं. मला इथंच कळलं होतं. ज्या हातानं परवा ळ ला टाकी लावली, त्याला ळ कुठं आहे हे ठाऊक नसेल काय? पण मी तोंड उघडलं नाही. मला घंटा ऐकायची होती. चूक तिची नव्हे, चोरी माझी."

मुलीने बाच्या हातातलं पागोटं घेतलं आणि त्याच्या डोक्यावर पुन्हा ठेवलं. ते जरा वाकडंच बसलं.

गुरवबाबा उठले. गुडघे कुरकुरले, तरी उठले. "चोरी तुझी एकट्याची नाही रे. आम्ही पाच जण सावलीत बसून न्याय करत होतो. चढायला पाय लागतात, पण सगळे बघत असताना उतरायला छाती लागते. ती या पोरीकडे आहे. चिटणीस, यंदाची घंटा तुमची. पण आधी शब्द चढून दाखवा."

चिटणीसकाका चढले. क, न, व, ळ, एकदाही पाऊल मागे आलं नाही. त्यांनी मुलीला हात धरायला बरोबर नेलं होतं. वर पोचल्यावर त्यांनी दोराचं टोक तिच्यापुढे केलं. "घे. तुझ्या बाला ऐकायचीय ना?"

मुलीने दोराकडे पाहिलं. तिला तो हवा होता, अगदी फार हवा होता. तिने हात मागे घेतले. "माझी पाळी आली की वाजवीन, काका."

खाली आल्यावर आईने तिला जवळ घेतलं. आईच्या हातातलं ताट अजून तसंच होतं. मुलगी त्या ताटाकडे बघत राहिली. मग तिने आईच्या पदराआड बोटं मोजली. दोनदा मोजली. आणि गालात हसली.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी टेकडीवरून टाकीचा आवाज आला. पाथरवट ह आणि स या दोन पायऱ्यांवर काहीतरी कोरत होता. लोकांनी जाऊन पाहिलं. प्रत्येक पायरीच्या कडेला एक लहानसं पाऊल होतं, अनवाणी, मुलीच्या मापाचं. बोटं खालच्या दिशेला होती.

पुढच्या दसऱ्याला पंच सावलीत बसले नाहीत. ते पायऱ्यांवरच जागोजाग बसले, आणि ज्याने शब्द आणला त्याला आधी चढायला लावलं. पाथरवटाची मुलगी पुढे आली. तिच्या हातात आईचं ओटीचं ताट होतं.

"बोल पोरी," गुरवबाबा म्हणाले.

"बोलत नाही, बाबा. चढूनच दाखवते."

ती ख वर थांबली. ण वर थांबली. न वर, मग र वर. पाच अक्षरांचा शब्द त्या टेकडीवर आजवर कोणी चढवला नव्हता. खाली गाव श्वास रोखून उभं होतं. तिच्या हातात काय आहे ते एकेकाच्या लक्षात येऊ लागलं, आणि प्रत्येक घरातून दरवर्षी वर जाणारा शब्द लोकांच्या ओठांवर आला. ख-ण-ना-र-ळ.

स वरून आणि ह वरून जाताना तिने त्या दोन पावलांशेजारी आपले पाय ठेवले. आता ते थोडे मोठे झाले होते. मग ती ळ वर उभी राहिली. पण तिने तोंड उघडायच्या आत, सगळ्या गावाच्या आधी, खालून एकच आवाज मोठ्यानं "ळ!" म्हणाला. तो बाचा होता.

त्या दिवशी घंटा वाजली ती पलीकडच्या दोन गावांत ऐकू गेली, असं म्हणतात. आणि पाथरवटाचा हात या खेपेला नुसताच खाली आला नाही. तो छातीवर जाऊन थांबला.

तात्पर्य: जो आपल्या चुकीवरून चारचौघांत खाली उतरतो, त्याचीच वरची पायरी पक्की होते.