लिंबाएवढं दगडफूल

“…ते राहू द्या बाबा. एवढंच सांगा, माझ्या पोरानं उडी मारली, की त्याचा पाय घसरला?”

दाऊदबाबा कड्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होता. नावाला फकीर, पोट मात्र सावकाराचं. कलेक्टर आला तरी अरेतुरेच करायचा.

“मला काय विचारतोस? मी काय त्याचं बोट धरून आलो होतो?”

गोठोसकर मास्तर मागच्या खडकाला टेकून बसले.

जन्मभर त्यांनी शाळेत चित्रकला शिकवली. पण एक चित्र गावानंच परस्पर रंगवून टाकलं होतं: तन्मय बारावीला नापास झाला, म्हणून त्यानं समुद्र जवळ केला. मास्तरांची बायको तेच उराशी धरून गेली.

मास्तरांकडे उरला होता पोरानं काढलेला शेवटचा फोटो. त्याच दिवशी इथूनच आईच्या मोबाइलवर पाठवलेला. काळा खडक, त्यावर दगडफुलाचे शेंदरी, राखाडी, हिरवट डाग, आणि मधोमध लिंबाएवढा एक हळदी.

“मसाल्यातलं दगडफूल नव्हे हं हे,” बाबा म्हणाला. “खाऊन बघितलंय मी. थू!”

मास्तर हसले नाहीत. दर वर्षी ते कॅमेरा गळ्यात अडकवून यायचे. पोर उभं होतं तिथंच उभं राहून तोच फोटो काढायचा, म्हणजे कळेल… काय कळेल, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आणि खडक काही सापडत नव्हता.

“सापडेल कसा? पाठ टेकून बसलायस त्याला.”

मास्तर ताडकन उठले, वळले.

“हा कसला? हा डाग बशीएवढा आहे. तो लिंबाएवढा होता.”

“इतकी वर्षं ते काय तुझी वाट बघत तेवढंच राहील? वाढलं.”

मास्तरांनी फोटो पुढं धरला. भेग तीच. वरची खाच तीच…

त्यांनी डोळा कॅमेऱ्याला लावला.

“फार मोठा दिसतोय, बाबा.”

“मग सर मागं.”

ते सरले.

“अजून मोठाच आहे.”

“सर की! नव्या नवरीसारखा काय सरकतोस?”

मास्तर सरकत गेले. डाग बारीक होत गेला. पुरीएवढा… पेढ्याएवढा…

“आला! अगदी तस्साच आला बाबा! आता जरासंच…”

मानेला हिसका बसला.

कॅमेऱ्याचा पट्टा बाबाच्या मुठीत होता. शेंगा खडकभर सांडल्या होत्या. मास्तरांची एक टाच हवेत होती आणि तिच्याखाली, खूप खाली, लाटा फुटत होत्या.

ते मटकन बसले.

बाबानं पट्टा सोडला नव्हता.

“मास्तर,” तो हळू आवाजात म्हणाला, “उडी मारत होतास?”